आधी निर्णय, मग तंत्रज्ञान : संयुक्त राष्ट्रांतल्या माहिती-प्रणालीच्या वरिष्ठ पदासाठी अर्जाची कृती

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात माहिती-प्रणाली विभागाचा प्रमुख नेमायचा असला की जाहिरात निघते ती बहुधा पी-५ किंवा डी-१ दर्जाची (पी म्हणजे व्यावसायिक श्रेणी, डी म्हणजे संचालक श्रेणी). हिंजवडीत, ऐरोलीत किंवा नागपूरच्या मिहानमध्ये पंधरा-वीस वर्षं मोठे प्रकल्प सांभाळलेल्या माणसाला ती वाचून वाटतं, यातलं बरंचसं तर मी रोज करतो. ते खरंही असतं. तरीही अर्ज मागे पडतो, कारण अर्जात तंत्रज्ञानांची यादी असते आणि वाचणाऱ्याला हवे असतात निर्णय. निर्वासितांच्या बोटांच्या ठशांपासून शांतिसैनिकांच्या रसदीपर्यंतची माहिती ज्याच्या भरवशावर ठेवायची, तो माणूस अडचणीच्या वेळी काय ठरवतो हे त्यांना बघायचं असतं. पुढची सगळी कृती या एकाच गरजेभोवती रचली आहे. जाहिरात उघडी राहते थोडेच आठवडे, म्हणून पहिल्या चार पायऱ्या तशाच पदांच्या जुन्या जाहिराती समोर ठेवून आधीच करून ठेवा.

१. पद कुणाचं आहे ते आधी पाहा

संयुक्त राष्ट्रांचं कुटुंब मोठं आहे आणि प्रत्येक घराची भरती वेगळी. सचिवालयाचे अर्ज ‘इन्स्पिरा’ या प्रणालीतून जातात. युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, जागतिक आरोग्य संघटना यांच्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. पदनाम सारखं दिसलं तरी काम वेगळं असतं. न्यूयॉर्कच्या माहिती व दळणवळण तंत्रज्ञान कार्यालयातला अधिकारी धोरण, मानकं आणि पैसा यांत बुडालेला असतो. इटलीतल्या ब्रिंडिसी आणि स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया इथल्या केंद्रांतून जगभरच्या शांतता मोहिमांच्या उपग्रह जोडण्या आणि डेटा सेंटर चालतात, त्यामुळे तिथल्या पदाला चोवीस तास चालू राहणाऱ्या सेवेचा अनुभव लागतो. जिनिव्हातलं आंतरराष्ट्रीय संगणन केंद्र १९७१ मध्ये स्थापन झालं. ते इतर संस्थांना सेवा विकतं, म्हणून आपल्या आयटी कंपन्यांतल्या माणसाला तिथली भाषा सगळ्यांत ओळखीची वाटते.

जाहिरातीतल्या जबाबदाऱ्यांच्या परिच्छेदात फक्त क्रियापदांवर पेन्सिलीने खुणा करा. सल्ला देणं, मंजुरी देणं, देखरेख करणं, वाटाघाटी करणं, अर्थसंकल्प मांडणं. यांतली किती कामं तुम्ही स्वतःच्या सहीने केली आहेत, ते मोजा. निम्म्याहून कमी असतील तर पी-४ ची जाहिरात शोधा. खालच्या दर्जाने आत जाण्यात कमीपणा नाही. तिथे मिळालेला मोहिमेतला अनुभव पुढच्या अर्जात फार बोलतो.

२. पात्रतेचे कागद

पदव्युत्तर पदवी असेल तर पी-५ साठी साधारण १० वर्षांचा आणि डी-१ साठी १५ वर्षांचा अनुभव मागतात. फक्त पहिली पदवी असेल, म्हणजे बी.ई. किंवा बी.टेक., तर बहुतेक जाहिरातींत दोन वर्षं अधिक धरतात. अनुभव महिन्यांच्या हिशेबात मोजला जातो, म्हणून प्रत्येक नोकरीची सुरुवातीची आणि शेवटची तारीख नेमणूकपत्रावरून घ्या, आठवणीवरून नको.

पदवी देणारं विद्यापीठ उच्च शिक्षणाच्या जागतिक सूचीत असावं लागतं. युनेस्कोच्या सहकार्याने चालणारी ही सूची कुणालाही पाहता येते. महाराष्ट्रातल्या उमेदवारांनी इथे जरा थांबावं. तुमच्या प्रमाणपत्रावर ‘पुणे विद्यापीठ’ असेल आणि सूचीत ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’, कारण नाव २०१४ मध्ये बदललं. मराठवाडा विद्यापीठाचं १९९४ मध्ये बदललं, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं २०१८ मध्ये. अर्जात आजचं नाव लिहा आणि जुनं नाव त्याच रकान्यात नमूद करा. कॉलेज कितीही नामांकित असलं तरी पदवी ज्या विद्यापीठाची, त्याचंच नाव द्यायचं.

सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. इंग्रजीवर प्रभुत्व लागतंच. फ्रेंच बऱ्याच पदांना ‘असल्यास उत्तम’ असते, पण आफ्रिकेतल्या फ्रेंचभाषक देशांतल्या मोहिमांत तिच्यावाचून दिवस जात नाही. पुण्यात आणि मुंबईत आलियाँस फ्रान्सेज आहे. दोन वर्षांनी अर्ज करायचा विचार असेल तर आज नाव घाला.

३. घर समजून घ्या

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. खाजगी कंपनीतून येणारा माणूस मुलाखतीत अडखळतो तो इथेच.

सुरुवात सनदेपासून. कलम १०० सांगतं की सचिवालयातला कर्मचारी कुठल्याही सरकारकडून सूचना मागणार नाही आणि घेणारही नाही. कलम १०१ नेमणुकीत कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी यांना पहिलं स्थान देतं आणि भौगोलिक विविधतेचंही भान ठेवायला सांगतं. माहिती-प्रणालीच्या प्रमुखाला ही कलमं रोज लागतात, कारण त्याच्या ताब्यातल्या माहितीत कुठल्या ना कुठल्या सरकारला रस असतोच.

मग १९४६ चा विशेषाधिकार आणि संरक्षणाविषयीचा करार वाचा. त्यानुसार संघटनेची कागदपत्रं जिथे असतील आणि ज्याच्या ताब्यात असतील तिथे अभेद्य आहेत. हा नियम कागदी फायलींच्या काळातला, पण आज तो क्लाउडच्या प्रत्येक कंत्राटात येऊन बसतो. कंत्राटदाराच्या देशातल्या न्यायालयाने माहिती मागितली तर काय करायचं? किल्ल्या कुणाकडे? कंत्राट संपल्यावर माहिती पुसली गेली हे कोण तपासणार? या प्रश्नांची तुमची स्वतःची उत्तरं तयार हवीत. जिनिव्हातल्या संयुक्त तपासणी पथकाचे दोन अहवाल यासाठी मन लावून वाचा: क्लाउड सेवांवरचा २०१९ चा आणि सायबर सुरक्षेवरचा २०२१ चा. दोन्ही मोफत मिळतात. त्यातल्या शिफारशी वाचल्या की पुढच्या दोन-चार वर्षांत या विभागांना काय करायचं आहे ते दिसतं.

तिसरं, उमोजा. सचिवालयाचे पैसे, माणसं, खरेदी आणि मालमत्ता सांभाळणारी ही प्रणाली सॅपवर उभी आहे. तिचा पहिला प्रयोग जुलै २०१३ मध्ये लेबनॉनमधल्या शांतता मोहिमेत झाला आणि मग ती टप्प्याटप्प्याने जगभर पसरली. सॅप जाणणारे लोक पुण्यात भरपूर आहेत, आणि त्यांना वाटतं की हे ज्ञानच आपलं बलस्थान. ते सल्लागाराच्या कामाला उपयोगी पडेल. विभागप्रमुखापुढचा प्रश्न निराळा असतो: एखाद्या कार्यालयाची वर्षानुवर्षांची पद्धत आणि प्रणालीची रचना जुळत नसेल, तर बदलायचं काय, पद्धत की सॉफ्टवेअर? आणि त्या कार्यालयाच्या प्रमुखाला हे सांगायचं कसं? उमोजाच्या प्रगतीवर महासचिवांनी महासभेला दिलेले अहवाल आणि लेखापरीक्षक मंडळाची त्यावरची निरीक्षणं शेजारी ठेवून वाचली तर हा संघर्ष स्पष्ट दिसतो. या मंडळावर २०१४ ते २०२० भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक होते, त्यामुळे अहवालांची धाटणी सरकारी लेखापरीक्षण पाहिलेल्या आपल्या लोकांना परिचित वाटेल.

पैशाची वाटही समजून घ्या. विभागाची मागणी आधी अर्थसंकल्पीय सल्लागार समितीकडे जाते, नंतर महासभेच्या पाचव्या समितीत, जिथे सगळे सदस्य देश बसतात. नियमित अर्थसंकल्प २०२० पासून दरवर्षी मांडतात आणि तो जानेवारी ते डिसेंबर चालतो. शांतता मोहिमांचं वर्ष मात्र १ जुलै ते ३० जून. एकच डेटा सेंटर दोन्हींची सेवा करत असेल तर त्याचा खर्च दोन वेगळ्या वर्षांत वाटावा लागतो. शिवाय २०२५ च्या मार्चमध्ये महासचिवांनी ‘यूएन८०’ हा सुधारणेचा उपक्रम सुरू केला आणि पदकपात त्याचा मोठा भाग झाली. कमी माणसांत आणि कमी पैशांत काय चालू ठेवाल आणि काय बंद कराल, हा आज कुठल्याही वरिष्ठ उमेदवाराला विचारण्यासारखा पहिला प्रश्न आहे.

शेवटी रेड क्रॉसची घटना. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही, पण जानेवारी २०२२ मध्ये तिने जाहीर केलेला सायबर हल्ला या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावा. रेड क्रॉस व रेड क्रेसेंटच्या जगभरातल्या किमान ६० राष्ट्रीय संस्थांकडून आलेली ५,१५,००० हून अधिक लोकांची माहिती त्यात उघडी पडली. ही माणसं होती युद्धात बेपत्ता झालेली, तुरुंगात असलेली, घरच्यांपासून तुटलेली. हल्लेखोर नोव्हेंबर २०२१ मध्ये आत शिरले, हे लक्षात आलं जानेवारीत. शिरकाव झाला तो वेळेत न बुजवलेल्या एका सुरक्षा-त्रुटीतून. समितीने हे सगळं स्वतः लोकांसमोर मांडलं. बँकेची माहिती फुटली तर नुकसान भरून देता येतं. छळापासून पळालेल्या माणसाचा पत्ता फुटला तर भरून देण्यासारखं काही उरत नाही. तुमच्या मनात हा फरक खोल रुतलेला नसेल, तर बाकीची तयारी कितीही चोख असली तरी या पदाचा विचार पुढे ढकला. माझं हे मत ठाम आहे.

४. निर्णयांची वही

एक कोरी वही घ्या आणि गेल्या दहा वर्षांतले असे प्रसंग लिहा जिथे दोन्ही बाजू वजनदार होत्या आणि शेवटी तुम्ही ठरवलंत. दहा-बारा पुरेत. प्रत्येकाखाली चार गोष्टी: परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलंत, परिणाम काय झाला, आणि त्यातून पुढे तुम्ही काय बदललंत. मुलाखतीचे प्रश्नही याच क्रमाने उलगडतात.

एक कल्पित उदाहरण देतो. बायोडेटातलं वाक्य असं असतं: ‘४० जणांच्या चमूचं नेतृत्व करून बँकेच्या मूळ प्रणालीचं स्थलांतर यशस्वी केलं.’ यातून काहीच कळत नाही. वहीत तेच असं यावं: ‘सुरू करण्याच्या आठवडाभर आधी चाचणीत काही खात्यांच्या शिलकी जुळेनात. ग्राहक बँकेचा आग्रह होता की तारीख पाळायचीच, कारण ती जाहीर झाली होती. जुनी प्रणाली आणखी तीन आठवडे चालवण्याचा खर्च मी काढला, चुकीच्या शिलकींमुळे येणाऱ्या तक्रारींचा अंदाज त्याच्या शेजारी मांडला आणि तारीख पुढे नेण्याची लेखी शिफारस माझ्या नावाने दिली. ती मान्य झाली. चूक तीन शाखांच्या जुन्या नोंदींत सापडली. पुढच्या प्रकल्पांत जुन्या नोंदींची तपासणी मी पहिल्याच महिन्यात आणली.’ तंत्रज्ञानाचं नावसुद्धा आलं नाही, पण माणूस दिसला.

आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणायला जीभ रेटत नाही. ‘आम्ही केलं’, ‘टीमने केलं’ म्हणण्यात सभ्यता वाटते, आणि एरवी ती आहेच. पण मूल्यमापन करणाऱ्याला ‘आम्ही’तून तुमचा वाटा वेगळा काढता येत नाही. चमूचं श्रेय एका वाक्यात मोकळेपणाने द्या आणि मग तुमची कृती ‘मी’ने लिहा.

लिहून झालं की प्रत्येक प्रसंग घरातल्या, या क्षेत्राशी संबंध नसलेल्या माणसाला मराठीत तोंडी सांगा. ‘मग तू नक्की काय केलंस?’ असं त्याने विचारलं, की तिथे वहीत भोक आहे. ते बुजवा आणि मग इंग्रजीत उतरवा.

वही पूर्ण झाल्यावर एक तक्ता आखा. आडव्या ओळींत प्रसंग, उभ्या रकान्यांत संघटनेच्या कसोट्या. सचिवालयाने अलीकडे स्वीकारलेल्या चौकटीत चार मूल्यं आहेत: समावेशकता, सचोटी, नम्रता आणि मानवता. त्यांच्या जोडीला पाच वर्तनं: एकमेकांना जोडून काम करणं, विश्लेषण व नियोजन, चांगला परिणाम देणारं काम, शिकत राहणं, बदलाशी जुळवून नवं घडवणं. काही जाहिरातींत जुन्या क्षमता येतात, उदाहरणार्थ व्यावसायिकता, उत्तरदायित्व, नेतृत्व, निर्णयक्षमता. जाहिरातीत जी असतील तीच घ्या. रिकामा राहिलेला रकाना म्हणजे तुमची कच्ची बाजू. अनुभवी लोकांचा बहुधा ‘नम्रता’ रिकामा राहतो. कनिष्ठाच्या सांगण्यावरून आपला निर्णय बदलल्याचा एक तरी खरा प्रसंग शोधा.

५. अर्ज भरणं

आता हे काम जवळजवळ नकलेचं उरतं. प्रत्येक नोकरीखाली आधी दोन ओळींत आवाका: किती माणसं, किती देश, किती रकमेचा अर्थसंकल्प, कुणाला जबाबदार. मग वहीतले दोन-तीन निर्णय. शेवटी, गरज असेल तरच, तंत्रज्ञान. कंपनी एक आणि ग्राहक दुसरा असं असेल तर मालक कंपनीचंच नाव द्या आणि ग्राहकाच्या ठिकाणी काम केल्याचा उल्लेख मजकुरात करा. गोपनीयतेचा करार असेल तर ग्राहकाचं नाव टाळून ‘युरोपातली एक विमा कंपनी’ असं लिहा. नोकऱ्यांमधल्या रिकाम्या काळाचा खुलासा साध्या शब्दांत करा. आजारी आई-वडिलांची सेवा हे कारण लपवण्यासारखं नाही.

सुरुवातीच्या पात्रतेच्या प्रश्नांना दिलेलं उत्तर आणि खाली भरलेला अनुभव जुळतात का, हे दुसऱ्या कुणाला तरी तपासायला लावा. सोबतचं पत्र एका पानात बसवा: हेच पद का, आणि वहीतला सगळ्यांत वजनदार निर्णय. मुदत न्यूयॉर्कच्या घड्याळाने मोजतात, तरी शेवटच्या रात्रीवर जाऊ नका.

६. लेखी परीक्षा

निवडक उमेदवारांना वेळ लावून लेखी परीक्षा देतात. सराव असा करा. समजा, तुम्ही दक्षिण सुदानमधल्या एका क्षेत्रीय कार्यालयाची माहिती-प्रणाली सांभाळता. पावसाळ्यात महिनोन्‌महिने रस्ते बंद असतात, सुटे भाग पोचत नाहीत. बाहेरच्या जगाशी जोडणी उपग्रहाची, तीही महाग आणि कमकुवत. मुख्यालयाचा आदेश आहे की वर्षाअखेर सगळं क्लाउडवर न्या. स्थानिक कर्मचारी म्हणतात, जोडणी तुटली की रुग्णांच्या आणि रेशनच्या याद्या उघडणार नाहीत. वरिष्ठांना दीड पानाचं टिपण लिहा. वेळ एक तास.

टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात शिफारस आली पाहिजे. नंतर पर्याय, प्रत्येकाचा खर्च आणि धोका, तुमच्या शिफारशीत कुणाचं काय नुकसान होईल आणि ते कसं आवरता येईल, शेवटी कोण काय केव्हा करणार. परिच्छेदांना क्रमांक द्या, संयुक्त राष्ट्रांच्या कागदांची ती रीत आहे. आदेश झुगारणारं उत्तर आणि डोळे मिटून पाळणारं उत्तर, दोन्ही कमी पडतात. नियमांत अपवाद कुठे मागता येतो, तो कुणाकडे मागायचा आणि तोवर याद्यांची सुरक्षित स्थानिक प्रत कशी ठेवायची, हे ज्याला सुचतं तो पुढे जातो. असे सहा-सात प्रसंग बनवून घड्याळ लावून लिहा.

७. मुलाखत

समोर किमान तीन जण असतात, बहुधा पडद्यावर. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात साधारण ‘असा एक प्रसंग सांगा की’ अशी असते. तक्त्यातला प्रसंग उचला, परिस्थिती थोडक्यात संपवा आणि बहुतेक वेळ तुमच्या कृतीला द्या. ‘अशा वेळी मी असं करीन’ हे उत्तर चालत नाही, घडलेलंच हवं. प्रश्नात दोन भाग असतील तर दोन्हींना उत्तर द्या, कारण गुण दोन्हींना आहेत. ऐकणारे वेगवेगळ्या देशांचे असतात, म्हणून ‘लाख’, ‘कोटी’ टाळून ‘मिलियन’मध्ये बोला, आणि आपल्या कार्यालयीन इंग्रजीतली संक्षेपाक्षरं पूर्ण उच्चारा.

८. वाट पाहण्याचा काळ

भरतीचं उद्दिष्ट १२० दिवसांचं आहे. वेळ त्याहून जास्त लागतो असं धरून चाला. केंद्रीय आढावा मंडळ प्रक्रिया तपासतं आणि मग निवड होते. शिफारस होऊनही निवड झाली नाही तर तुमचं नाव राखीव यादीत जातं, आणि तशाच दुसऱ्या पदासाठी तिथूनच बोलावणं येऊ शकतं. म्हणून ई-मेल आणि फोन नंबर बदलला तर प्रोफाइलमध्ये लगेच दुरुस्त करा.

याच काळात फसवणूक होते. संयुक्त राष्ट्रं अर्ज, मुलाखत, पुढची कार्यवाही किंवा प्रशिक्षण, कुठल्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत आणि बँक खात्याचे तपशील विचारत नाहीत. ‘व्हिसाची अनामत’ मागणारं पत्र कितीही अधिकृत दिसलं तरी खोटं आहे. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

९. होकार देण्याआधी

पगार आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आयोगाच्या प्रसिद्ध तक्त्यांवरून ठरतो. मूळ वेतनावर ठिकाणानुसार समायोजन मिळतं, त्यामुळे घासाघीस करायला फारशी जागा नसते. ठिकाणाचा खडतरपणाचा दर्जा, अ ते ई या उतरंडीतला, आणि कुटुंबाला तिथे नेता येतं का, हे लेखी विचारा. जोडीदाराची नोकरी आणि मुलांची शाळा यांवर घरात आधी बोलणं होऊ द्या, कारण करार मुदतीचा असतो.

सगळ्यांत शेवटी शेअर. आपल्या क्षेत्रात बऱ्याच जणांकडे जुन्या कंपनीचे ईसॉप असतात, आणि तीच कंपनी उद्या तुमच्या विभागाला सेवा विकायला येऊ शकते. डी-१ आणि वरच्या अधिकाऱ्यांना, तसंच खरेदीशी संबंध असलेल्यांना, दरवर्षी आर्थिक विवरण द्यावं लागतं, आणि हितसंबंधांची टक्कर उघड करणं प्रत्येकावरच बंधनकारक आहे. डीमॅट खात्याचा उतारा काढा, जोडीदाराचा आणि अवलंबून असलेल्या मुलांचाही, कारण विवरणात तेही मागतात. कुठल्या कंपन्या संघटनेच्या पुरवठादार आहेत त्यावर खूण करा आणि ती यादी रुजू होण्याआधी नीतिमत्ता कार्यालयाकडे पाठवून विचारा: काय विकायचं, काय ठेवायचं, आणि कुठल्या निविदांपासून तुम्ही दूर राहायचं.